चुकलं की परत, मोठ्याने

त्या दिवसांत आमच्या घरात फोन वाजला की वहिनी त्याच्याकडे अशी बघायची, जणू तो शेजारच्यांच्या घरात वाजतोय. तिचाच फोन, तिच्याच मांडीजवळ पडलेला. मग दादा स्वयंपाकघरातून ओले हात पुसत यायचा, फोन उचलायचा आणि म्हणायचा, "हो, मी तिचा नवरा बोलतोय. काही निरोप आहे का?" मला त्या वाक्याचा इतका राग यायचा की विचारू नका. भावाचा नाही, वाक्याचा. निरोप बाहेर गेलेल्या माणसांसाठी ठेवतात, आणि ही तर समोर बसून मटार सोलत असायची.

कारण साधं होतं. तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, आणि जाताना गाठ आवाजही घेऊन गेली. अगदीच गेला असं नाही. नसेला धक्का बसलाय, डॉक्टर म्हणाले. थोडाफार सुधारेल, पण पूर्वीसारखा होणार नाही. उरला तो घोगरा, निम्मी हवा सुटणारा, बोलता बोलता मध्येच तुटणारा. घरी आल्यावर तिने पहिल्यांदा फोन उचलला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, "दादा, जरा वहिनींना देता का फोन?" पुढच्या वेळीही तसंच काहीतरी झालं. त्यानंतर तिने फोन उचलणं सोडून दिलं.

हे कोणाच्या वाट्याला आलं ते कळल्याशिवाय माझा राग कळायचा नाही. माझी वहिनी व्हायच्या आधी ती भोंगा होती. हे नाव मीच ठेवलेलं. आम्ही दोघी कॉलेजात एका बाकावर बसायचो आणि ती कुजबुजली तरी पहिल्या रांगेतली मुलं मागे वळून बघायची. तिच्या कोणत्या तरी चुलतभावाने आणलेली एक कॅसेट होती, नाव पुसलेली. त्यात काही माणसं भयंकर चुकत आणि भयंकर आनंदात गात होती. भाषा आम्हाला कळत नव्हती. पण ज्यांना वाजवता येत नाही त्यांनीही वाजवायचं, कोणाची परवानगी मागायची नाही, एवढं मात्र पक्कं कळलं. याला पंक म्हणतात हे नंतर कोणीतरी सांगितलं.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती, तिथे आम्ही सुरू केलं. दादाकडे एक गिटार होती आणि त्याला तीन कॉर्ड येत होते. चौथा शिकल्यावर सुरू करू या का, असं त्याने विचारलं तेव्हा भोंगा म्हणाली, "चौथा येईपर्यंत आपण म्हातारे होऊ. तीन पुरे." मी रंगाचे रिकामे डबे वाजवायचे. पुढे जुन्यात एक ड्रमसेट मिळाला, पण डबे मी टाकले नाहीत. खोलीच्या बरोबर खाली एक काका राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले. आम्ही सुरू केलं की ते झाडूचा दांडा छताला आपटायचे आणि ओरडायचे, "गप्प बसा!" इतक्या नेमाने ओरडायचे की आम्ही बँडचं नावच 'गप्प बसा' ठेवलं. काकांना ते कळल्यावर त्यांनी आठवडाभर आमच्याशी अबोला धरला, आणि मग आमच्या पहिल्या कार्यक्रमाला पुढच्याच रांगेत येऊन बसले, कानात कापूस घालून.

त्याच कार्यक्रमात आमचा नियम जन्माला आला. एका हॉलमध्ये लोक खुर्च्यांवर बसलेले, त्यातले निम्मे दुसऱ्याच कशासाठी तरी आलेले. दादाची दुसऱ्याच ओळीला बोटं घसरली आणि गिटारमधून असा काही आवाज निघाला की एक बाई चक्क "अगं बाई" म्हणाली. लोक हसले. दादा थांबला, कानापर्यंत लाल झाला. तेव्हा भोंगा मागे वळली आणि भर स्टेजवर ओरडली, "परत! तेच!" त्याला कळेना. "जे चुकलास ना, तेच परत वाजव. मोठ्याने!" त्याने घाबरत घाबरत तीच चूक केली, मग अजून एकदा, आणि मी त्यावर डब्याचा ठेका धरला. एवढं झाल्यावर लोकांना वाटलं की गाणंच असं आहे. ते टाळ्या वाजवायला लागले. त्या दिवसापासून आमच्यात ठरलं, चुकलं की परत, मोठ्याने. लपवायचं नाही, सॉरी म्हणायचं नाही. चूक एकदा झाली तर ती चूक, परत परत केली तर ती आपली चाल, असं भोंगा म्हणायची.

मी आज जी कोणी आहे ती या नियमामुळे आहे. पोटापाण्यासाठी मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. अगदी सुरुवातीला एका संपादकबाईंनी माझी चित्रं परत केली होती. रेषा फार राकट आहेत, मुलं घाबरतील, असं त्यांचं म्हणणं. मी घरी येऊन चित्रं कपाटावर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. भोंगा आली, तिने ऐकून घेतलं, आणि चित्रं काढून घेऊन गेली ती झेरॉक्सच्या दुकानात. संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्याकडे स्टेपलर मारलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा होता आणि वर जाड पेनने नाव लिहिलेलं, 'राकट रेषा'. "त्यांना राकट वाटल्या ना? मग अजून राकट काढ," ती म्हणाली. आम्ही दोघी बसस्टॉपवर उभ्या राहिलो. मी लाजेने मेले होते, आणि ही आपली बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगत होती, "घ्या, घाबरवणारी चित्रं घ्या, मुलांसाठी!" मुलांनी आयांचे हात ओढले. त्या पुस्तिकांवरून मला पहिलं काम मिळालं. पुढे कित्येकांनी नाही म्हटलं, अजूनही म्हणतात, पण ते ऐकून मी भिंतीकडे तोंड करून झोपत नाही. मी तेच चित्र परत काढते.

मग भोंग्याने माझ्या भावाशी लग्न केलं. माझी मैत्रीण पळवली म्हणून मी दादावर बरेच दिवस डाफरत होते. नणंद होण्याचा एकच फायदा, तिला आता हक्काने बोलता यायचं. बँड हळूहळू मावळला, भांडण वगैरे काही नाही. दादा वाद्यांच्या दुकानात दुरुस्तीला लागला, मी याच घराच्या बाल्कनीत माझं टेबल टाकलं, आणि वहिनी डबिंगच्या स्टुडिओत शिरली. टीव्हीवर मुलांचं एक कार्टून लागतं, त्यातली उनाड, भांडखोर खारूताई म्हणजे आमची वहिनी. कितीतरी वर्षं. रस्त्यात लहान मुलं दिसली की मी तिला कोपर मारायचे आणि ती खारूताईच्या आवाजात एक आरोळी ठोकायची. मुलं जागच्या जागी थिजायची, चारही बाजूंना बघायची. आणि ही बाई आपली भाजी निवडतेय, चेहरा गंभीर.

त्या आरोळीसाठी माझा जीव तुटायचा. ऑपरेशननंतर मला सगळ्यात जास्त काय आठवायचं, तर तिची गाणी नाही. ती दारातून मला जी हाक मारायची ती. "पोरीऽऽ!" जिन्यापर्यंत जायची ती हाक. आता ती माझ्या टेबलापर्यंत चालत यायची आणि खांद्यावर हात ठेवायची. मी दरवेळी दचकायचे, आणि दरवेळी ती म्हणायची, "सॉरी." भोंगा आणि सॉरी!

घर शहाण्यासारखं वागायला लागलं होतं. दादा हळू बोलायचा. मी हळू बोलायचे. भांडीसुद्धा आम्ही हळू ठेवायचो. गच्चीखालचे काका जिन्यात भेटले की मान वाकडी करून म्हणायचे, "जप हो, बाळ." एकदा त्यांच्या तोंडून 'बाळ' ऐकल्यावर वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, ही आता झाडू आणून त्यांच्याच छताला आपटते की काय. पण ती मान हलवून वर आली आणि दार लावून घेतलं.

मग एके दिवशी दुपारी रेकॉर्डिस्ट आला. स्टुडिओतला तिचा जुना सहकारी, चांगला माणूस, बूट बाहेर काढून संकोचत बसला. खारूताईला नवीन आवाज दिलाय पण मुलं नाराज आहेत, असं त्याने सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे तुमची इतक्या वर्षांची रेकॉर्डिंग आहेत. कॉम्प्युटर ती ऐकून शिकतो आणि मग नवीन वाक्यंही तुमच्याच आवाजात बोलतो. तुम्हाला यायचीसुद्धा गरज नाही. फक्त एक सही हवी, आणि त्याचे पैसे, तेही बरे मिळतील.

दादाने विचारलं, "हुबेहूब?"

"ऐकवतो ना," तो म्हणाला, आणि त्याने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला.

फोनमधून वहिनी बोलली. "काय, ओळखलं का? मी परत आले!"

मी पेन्सिलीला टोक काढत होते, ती तशीच हातात राहिली. तीच ठसठशीत धार, वाक्याच्या शेवटी तेच मिश्किल वळण. हे वाक्य ती कधीच बोलली नव्हती, आणि तरी ते तिचंच होतं. दादाने डोळे मिटून घेतले होते. "परत लावता का?" तो म्हणाला. रेकॉर्डिस्टने परत लावलं. मी डोळे पुसले आणि हसले, दोन्ही एकदम. कितीतरी महिन्यांनी आमच्या त्या खोलीत भोंगा बोलत होती.

आणि मग माझं लक्ष वहिनीकडे गेलं. ती फोनकडे बघत नव्हती. आधी दादाकडे, मग माझ्याकडे, अशी आळीपाळीने बघत होती. लग्नाच्या फोटोत आपण कुठे उभे आहोत ते शोधावं तसं.

"मी इथे बसलीये," ती म्हणाली. आवाज 'बसली'वर तुटला, उरलेलं नुसत्या हवेत बोलली. "आणि तुम्ही माझीच आठवण काढताय."

रेकॉर्डिस्ट घाईघाईने म्हणाला की विचार करा, सोमवारी फोन करतो, आणि बूट नीट न घालताच जिना उतरला.

आता खरं सांगायचं तर तिने सही करावी असंच मला वाटत होतं. दादालाही. आम्ही तोंडाने बोलत नव्हतो, पण जेवताना तो म्हणाला, "म्हणजे कसं, तुझं कामही चालू राहील," आणि मी लगेच "हो ना" म्हटलं. मी इतकी लबाड की मी म्हणाले, मुलांना बरं वाटेल. मुलांचं काय घेऊन बसलेय! मला बरं वाटणार होतं. रोज संध्याकाळी टीव्ही लावला की ती आमच्या घरात ओरडणार होती. वहिनी ताटातलं ढवळत राहिली आणि म्हणाली, "बघू." आयुष्यात ती कधी 'बघू' म्हणाली नव्हती.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? मी रेकॉर्डिस्टला गुपचूप निरोप पाठवला आणि ते वाक्य माझ्या फोनवर मागवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलाशी बसून, कानात हेडफोन घालून, मी ते ऐकत होते. काय, ओळखलं का? मी परत आले! परत लावायचे, परत ऐकायचे. समोर हत्तीचं चित्र अर्धवट पडलेलं, त्याला अजून सोंड नव्हती. मला नुसतं ते ऐकत राहायचं होतं. तो आवाज परत मिळावा म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं, आणि तो इथे मुठीएवढ्या फोनमध्ये होता.

खांद्यावर हात आला तेव्हा मी दचकले आणि हेडफोनची वायर फोनमधून निसटली. "मी परत आले!" बाल्कनीभर घुमलं.

वहिनीच्या दुसऱ्या हातात माझ्यासाठी आणलेला चहा होता. तिने तो सावकाश टेबलावर ठेवला, हत्तीपासून दूर, सांडला तर चित्र खराब होऊ नये म्हणून. मला वाटलं आता ती रडेल. मला रडलेलं चाललं असतं, मी तयार होते.

"चल वर," ती म्हणाली.

"कुठे वर?"

"गच्चीवर. तुझ्या दादाला पण उठव. गिटार घेऊन या."

पत्र्याच्या खोलीत आता लोकांच्या जुन्या खुर्च्या आणि एक मोडकी सायकल होती. आम्ही ते सगळं बाहेर काढलं. माझ्या ड्रमवर चादर होती, ती झटकली तर तिघेही शिंकलो. दादाने तारा जुळवायला घेतल्या तेव्हा वहिनी म्हणाली, "राहू दे, तीन कॉर्ड तर आहेत." बोलायलासुद्धा तिला मध्येच श्वास घ्यावा लागत होता. डॉक्टर नको म्हणाले होते का, असं दादाने विचारलं. "डॉक्टर म्हणाले, वापरा. तुम्हीच दोघं नको म्हणताय," ती म्हणाली. मला चपराक बसल्यासारखं झालं.

आम्ही आमचं पहिलंच गाणं घेतलं. तिनेच लिहिलेलं. सगळे रांगेत उभे आहेत, कोणीतरी विचारतं, तुमचा नंबर कधी लागणार? आणि आम्ही ओरडतो, आम्ही नंबर घेतलाच नाही! एवढंच गाणं, तेच तेच, शेवटपर्यंत.

मी काठ्या उचलल्या आणि सुरू केलं. हळू. कडेकडेने, ड्रमला गोंजारल्यासारखं. मला ते कळलंसुद्धा नाही, हात आपोआपच तसे चालले. तिकडे दादा तारांवरून नुसता अंगठा फिरवत होता. वहिनीचा आवाज आला, घोगरा, हवेचा, आणि आम्ही दोघं त्याच्या खाली असे दबून वाजवत होतो की विचारायची सोय नाही. 'गप्प बसा' बँड जन्माला आल्यापासून इतकं हळू कधी वाजवलं नव्हतं. आजाऱ्याच्या खोलीत माणसं चालतात तसं.

वहिनी थांबली.

"कोण मेलंय?" तिने विचारलं.

दादा म्हणाला, "अगं, तसं नाही..."

"नाही, सांगा ना. कोण मेलंय? मी मेलेय का?"

"तुझा आवाज ऐकू यावा म्हणून हळू वाजवतोय," मी म्हणाले.

"कधी आला होता ऐकू?" ती म्हणाली. "माइक कधी धड होता आपला? तू डबे बडवायचीस, हा तारा तोडायचा, आणि मी त्याच्यावर ओरडायचे. ओरडून ओरडून झालेला आवाज होता तो, पोरी. कोणी जागा करून दिली नव्हती त्याला." मध्ये दोनदा तिचा आवाज गेला. ती थांबली, श्वास घेतला आणि गेलेला शब्द परत म्हणाली. "तुम्हाला तो आवाज आवडायचा. मलाही आवडायचा. मला नाही का त्याची आठवण येत? आंघोळ करताना मी तोंड उघडते आणि वाट बघते. येत नाही तो. पण तो येईपर्यंत मी काय करू? फोनमधल्या बाईला माझ्या जागेवर बसवू आणि मी मटार सोलू?"

दादाने मान खाली घातली. त्याच्या हातातली तार उगाच झणझणत राहिली.

"वाजव," ती मला म्हणाली. "नीट वाजव. मला बुडव. मी वर येते का ते मला बघू दे."

मग मी वाजवलं. राग तर होताच, तो कोणावर काढायचा हे इतके महिने कळलं नव्हतं, तो ड्रमवर काढला. पत्रे थडथडायला लागले. दादाने पहिल्या कॉर्डलाच असा हात मारला की त्याचा चष्मा नाकावर घसरला. वहिनी गायला लागली आणि खरंच बुडाली. तिचं तोंड हलताना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला, हात थांबवावेसे वाटले, पण मी थांबले नाही. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. आणि मग ड्रमच्या आणि गिटारच्या मधून काहीतरी वर आलं. करवतीसारखं. त्याला गोडवा नव्हता, धार नव्हती, भोंग्याशी त्याचं काही नातं नव्हतं. "आम्ही नंबर घेतलाच ना..." आणि तुटलं. 'नाही'तला 'ही' आलाच नाही. तिथे नुसतं भोक पडलं.

दादाची आणि माझी नजरानजर झाली. वहिनी आमच्याकडे वळली. तिला बोलता येत नव्हतं, तिने फक्त बोट गोल फिरवलं. परत. तेच.

"आम्ही नंबर घेतलाच ना..." बरोबर तिथेच परत तुटलं, आणि त्या भोकात मी डबा हाणला. जुना रंगाचा डबा, माझ्या पायाशी होता. धाड! पुन्हा "घेतलाच ना..." धाड! दादा त्या जागी हात उचलायला लागला, म्हणजे तिथे फक्त तिची हवा आणि माझा डबा. ती हसत होती. हसण्याचाही आवाज आता नवा होता, खरखरीत. मी रडत होते आणि एकही ठोका चुकवत नव्हते. त्या आवाजात मला माझी जुनी मैत्रीण कुठेच सापडली नाही. पण जी कोणी गात होती तिच्यामागे मी जळत्या इमारतीतसुद्धा वाजवत बसले असते.

आणि खालून दांडा वाजला. ठक, ठक, ठक. मग काकांचा आवाज, म्हातारा, कापरा, पण मनापासून चिडलेला: "गप्प बसा! दुपारची वेळ आहे! माणसांनी झोपायचं की नाही?"

वहिनी जिथे उभी होती तिथेच खाली बसली. तिने दोन्ही तळहात जमिनीवर टेकले, खालून येणारे दांड्याचे ठोके हाताला लागावेत म्हणून. "ओरडले," ती म्हणाली. "अगं, माझ्यावर ओरडले ते!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. काकांचं ते बाळ म्हणणं त्या दिवशी संपलं, देवाची कृपा.

सोमवारी आम्ही तिघे बाहेरच्या खोलीत होतो. वहिनी मटार सोलत होती, तेवढ्यात तिच्या मांडीजवळ फोन वाजला. स्टुडिओचा नंबर. सवयीने दादा उठला, सवयीने माझाही हात पुढे गेला. वहिनीने दोघांकडे बघितलं, आणि फोन उचलून कानाला लावला. पलीकडचं बोलणं ऐकू यावं एवढी ती खोली लहान आहे.

"हॅलो, कोण बोलतंय?" रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"मीच," वहिनी म्हणाली. पण 'मी' हवेतच विरला, 'च' तेवढा ऐकू गेला.

"हॅलो? कोण? दादा का? जरा वहिनींना देता?"

दादाने हात पुढे केला होता. मी त्याचा सदरा मागून धरला. वहिनीचा चेहरा एवढासा झाला होता. ती एक क्षण फोन ठेवेल असं वाटलं, आणि मला त्या क्षणी जुना आवाज इतका हवासा वाटला की छाती दुखली. तो असता तर हे काहीच झालं नसतं. मला तो अजूनही हवासा वाटतो. ते बाल्कनीतलं वाक्य मी पुसून टाकलं, तरी दुपारी चित्र काढताना कान जिन्याकडे लागतात. ते आता जन्मभर लागणार.

वहिनीने श्वास घेतला.

"मीच," ती परत म्हणाली, मोठ्याने. परत तिथेच तुटलं. त्या भोकात मी समोरच्या टेबलावर थाप मारली. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"मीच बोलतेय!" ती ओरडली, करवतीच्या त्या आवाजात, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी. "सही नाही करणार. खारूताईला म्हातारी करा, घसा बसलेली करा, मग मला बोलवा. मी येईन. फोनमधली नाही, मी."

मग रेकॉर्डिस्ट हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्ही आहात होय?"

"हो," वहिनी म्हणाली, आणि मटाराची परात माझ्याकडे सरकवली.